१२ व्होल्टच्या एलईडी पट्टीसाठी घरी बनवलेला डिमर, पार समईइतक्या उजेडापर्यंत

आमच्या देवघरात वरच्या कडेला आतून एलईडीची पट्टी लावलीये, १२ व्होल्टची, वॉर्म व्हाइट. लावली तेव्हा सगळ्यांना आवडली, पण आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि नंतर तिला तो उजेड डोळ्यांत टोचायला लागला. ती संध्याकाळी दिवा लावून अर्धा तास समोर बसते, तेव्हा देवांचे चेहरे दिसतील एवढाच उजेड तिला हवा असतो. "अरे, समईइतका कर की जरा," एवढंच म्हणाली. मी बाजारातून एक रिमोटवाला रेडीमेड डिमर आणला, तर त्याची सगळ्यात खालची पायरीसुद्धा तिला जास्त होती आणि त्या पायरीवर पट्टी थरथरल्यासारखी दिसायची. मग घरीच बनवला. त्याला आता दोन वर्षं झाली, रोज चालतोय, आणि गणपतीत मखरासाठी तसाच दुसरा केला. तो कसा करायचा ते सगळं इथे लिहितोय. सोल्डरिंग थोडंफार येत असेल तर एका रविवारी होतं, येत नसेल तर शिकायला याच्याइतकं चांगलं सर्किट नाही.

सगळ्यात आधी, हे कशासाठी चालतं आणि कशासाठी नाही ते नीट वाचा. हे फक्त १२ व्होल्ट डीसीवर चालणाऱ्या साध्या पट्टीसाठी आहे, म्हणजे जिच्यात तीन-तीन एलईडी आणि एक रेझिस्टर असे तुकडे असतात आणि दर तीन एलईडीनंतर कात्रीची खूण असते ती. होल्डरमध्ये लावायचा २३० व्होल्टचा एलईडी बल्ब याने मंद होणार नाही, त्याच्या आत स्वतःचा ड्रायव्हर, म्हणजे करंट सांभाळणारं सर्किट, असतो. सीलिंगमधल्या पॅनल लाइटचंही तेच. आणि ज्या पट्टीतला प्रत्येक एलईडी वेगळ्या रंगात पळतो ती चिपवाली पट्टी तर अजिबात लावू नका, तिची सप्लाय सारखी तोडली-जोडली की आतली चिप गोंधळते. दुसरं म्हणजे ॲडॅप्टरच्या अलीकडे, २३० व्होल्टच्या बाजूला, आपल्याला काहीही करायचं नाहीये. आपलं काम ॲडॅप्टरमधून १२ व्होल्ट बाहेर आले की सुरू होतं. फॅनचा रेग्युलेटर ॲडॅप्टरच्या आधी लावून पट्टी मंद करायचा प्रकार मी बघितलाय, तो करू नका, ॲडॅप्टरच्या आतलं एसएमपीएस, म्हणजे २३० चे १२ व्होल्ट करणारं सर्किट, त्यासाठी केलेलंच नसतं, ते तापतं, कुरकुरतं आणि एक दिवस जातं.

बरं, मग पट्टीच्या वायरमध्ये सरळ एक व्हॉल्यूम कंट्रोल टाकला तर? हा प्रश्न मला प्रत्येकाने विचारलाय, आणि सुरुवातीला मी पण तेच केलं होतं. पांढऱ्या एलईडीला जेमतेम ३ व्होल्ट लागतात, तीन ओळीत म्हणजे ९ च्या आसपास, उरलेले ३ व्होल्ट पट्टीवरचा रेझिस्टर खातो. त्यामुळे सप्लाय ९ च्या खाली आली की पट्टी जवळपास विझते आणि ९ ते १२ एवढ्याशा पट्ट्यात सगळा खेळ होतो. नॉब जरासा हलला की एकदम अंधार नाहीतर एकदम लख्ख. शिवाय साधा पॉट, म्हणजे नॉबने रेझिस्टन्स बदलणारा हा व्हॉल्यूम कंट्रोलच, पाव-अर्ध्या वॅटचा असतो आणि एक मीटर ५०५० पट्टी (हा एलईडीच्या आकाराचा नंबर) १.२ ॲम्पिअर घेते, त्याचा आतला कार्बनचा ट्रॅक जळतो. माझा जळला, वास घरभर झाला. एलएम३१७ ही व्होल्टेज कमी करणारी आयसी वापरूनही करता येतं पण मग जो उजेड नको असतो त्याची सगळी उष्णता त्या आयसीवर निघते आणि मोठा हीटसिंक लावावा लागतो, आणि खालच्या उजेडाचा प्रश्न तसाच राहतो.

म्हणून पीडब्ल्यूएम. म्हणजे पट्टीला पूर्ण १२ व्होल्टच द्यायचे पण सेकंदाला हजार वेळा चालू-बंद करायचे आणि प्रत्येक वेळी किती वेळ चालू ठेवायचं ते नॉबने ठरवायचं. डोळ्याला चालू-बंद दिसत नाही, सरासरी दिसते. शंभरातला दीड भाग चालू ठेवला तर उजेड दीड टक्का, आणि तो सगळ्या एलईडींवर सारखा, रंगही फारसा बदलत नाही. हाच तो समईचा उजेड.

हे चालू-बंद करायला ५५५ टायमर आयसी घ्यायची. ही आयसी १९७१ मध्ये हान्स कॅमेंझिंडने सिग्नेटिक्ससाठी डिझाइन केली आणि १९७२ मध्ये बाजारात आली, अजून सगळीकडे मिळते आणि ४.५ ते १६ व्होल्टवर चालते, त्यामुळे आपल्या १२ व्होल्टवर थेट लागते, वेगळी सप्लाय नको. अर्डुइनो या प्रोग्रॅम करायच्या छोट्या बोर्डने पण करता येईल पण एका नॉबसाठी प्रोग्रॅम आणि ५ व्होल्टची सोय कशाला करायची असं माझं मत आहे. देवघरातल्या वस्तूत जितकं कमी असेल तितकं ते जास्त वर्षं चालतं.

सामान आणायला पुण्याच्या बुधवार पेठेत तापकीर गल्लीत जा, मेट्रोने मंडईला उतरून चालत गेलात तर पार्किंगची कटकट नाही. गणपतीच्या आधीच्या पंधरा दिवसांत मात्र तिकडे पाय ठेवायला जागा नसते, म्हणून श्रावण लागायच्या आतच आणून ठेवा. कागदावर लिहून न्या: एनई५५५ आयसी एक आणि तिचा ८ पायांचा सॉकेट, आयआरएफझेड४४एन मॉस्फेट एक (पट्टी चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच हाच), १एन४१४८ डायोड दोन (हे करंट एकाच दिशेने जाऊ देतात), १०० के चा पॉट एक (के म्हणजे हजार ओहम; कोणता घ्यायचा त्यावर खाली सविस्तर लिहिलंय, ते वाचल्याशिवाय घेऊ नका), रेझिस्टर १ के एक, १०० ओहम एक, १० के एक, कपॅसिटर १०३ नंबरचे दोन आणि १०४ चा एक, ४७० मायक्रोफॅरड २५ व्होल्टचा इलेक्ट्रोलिटिक एक, झिरो पीसीबीचा, म्हणजे भोकं असलेल्या सोल्डरिंगच्या बोर्डचा, छोटा तुकडा, ग्लास फ्यूज आणि त्याचा होल्डर, दोन स्क्रूवाले कनेक्टर, ॲडॅप्टरची पिन बसेल असा डीसी सॉकेट, नॉब आणि प्लॅस्टिकची डबी. आयसी आणि मॉस्फेट दोन-दोन घ्या, पहिल्यांदा करताना एखादं जातं. १०३ म्हणजे १० नॅनोफॅरड आणि १०४ म्हणजे १०० नॅनोफॅरड, दोन्ही दिसायला सारखे असतात, घरी आल्यावर भिंग लावून बघा.

आता जोडणी. आयसीची खाच वर ठेवा, डावीकडे वरचा पाय १, खाली जात २, ३, ४, मग उजवीकडे सगळ्यात खालचा ५ आणि वर जात ६, ७, ८. पाय १ ला मायनस, पाय ८ ला प्लस १२. पाय ४ रीसेटचा आहे, तो ८ ला जोडून टाका. पाय ५ वरून एक १०३ मायनसला. पाय ८ आणि १ च्या मध्ये १०४, तो आयसीच्या जितका जवळ बसेल तितका बसवा, लांब वायरवर लटकवू नका. पाय ७ मोकळा सोडायचा, बऱ्याच चित्रांत तो वापरलेला दिसेल पण या पद्धतीत लागत नाही.

पाय २ आणि ६ एकमेकांना जोडा आणि तिथून दुसरा १०३ मायनसला, हा टायमिंगचा कपॅसिटर. आता पाय ३ वरून १ के चा रेझिस्टर निघतो आणि पॉटच्या मधल्या पायाला जातो. पॉट असा धरा की दांडा तुमच्याकडे आणि पाय खाली. डाव्या पायापासून पहिला डायोड, त्याचा काळ्या पट्ट्याचा भाग कपॅसिटरकडे म्हणजे २-६ कडे. उजव्या पायापासून दुसरा डायोड, याचा काळा पट्टा पॉटकडे आणि दुसरं टोक २-६ कडे. म्हणजे दोन्ही डायोड कपॅसिटरला येऊन मिळतात पण तोंडं उलट. एवढीच मेख आहे सर्किटमध्ये.

काय होतं बघा. पाय ३ वर व्होल्टेज असतं तेव्हा कपॅसिटर पहिल्या डायोडमधून, पॉटच्या डाव्या भागातून भरत जातो. तो ८ व्होल्टला पोचला, म्हणजे सप्लायच्या दोन तृतीयांशला, की आयसी पाय ३ खाली ओढते आणि आता कपॅसिटर दुसऱ्या डायोडमधून, पॉटच्या उजव्या भागातून रिकामा होतो, ४ व्होल्टला आला की पुन्हा वर. भरायला लागणारा वेळ म्हणजे पट्टी चालू, रिकामं व्हायला लागणारा वेळ म्हणजे बंद. नॉब फिरवला की एकीकडचा वेळ वाढतो आणि दुसरीकडचा कमी होतो, दोन्ही मिळून साधारण एक मिलिसेकंदच राहतात, म्हणून फ्रीक्वेन्सी हजाराच्या आसपास राहते, टोकाला ९०० ते १२०० अशी थोडी सरकते, त्याने काही बिघडत नाही. तो १ के चा रेझिस्टर विसरू नका, तो नसेल तर नॉब टोकाला गेल्यावर आयसी आणि डायोडमधून कपॅसिटरला नुसते धक्के बसतात. आणि सगळ्यात कमी उजेड तोच ठरवतो. १ के ठेवला तर खालचं टोक साधारण दीड टक्का आणि वरचं ९९ च्या वर. पार विझायला हवं असेल तर स्विच लागेल, त्याबद्दल शेवटी.

पाय ३ वरूनच १०० ओहम मॉस्फेटच्या गेटला. मॉस्फेटवरचा छापील नंबर तुमच्याकडे आणि पाय खाली धरलं तर डावीकडून गेट, ड्रेन, सोर्स. गेट आणि सोर्सच्या मध्ये १० के. सोर्स मायनसला. पट्टीची प्लस वायर सरळ १२ व्होल्टच्या प्लसला, फ्यूजमधून, आणि पट्टीची मायनस वायर ड्रेनला. म्हणजे आपण पट्टीचा मायनस तोडतोय-जोडतोय, प्लस कायम लागलेला असतो. आधी बऱ्याच जणांना हे उलटं वाटतं पण एन चॅनलचा मॉस्फेट असाच लागतो. ४७० चा मोठा कपॅसिटर जिथे १२ व्होल्ट पीसीबीवर येतात तिथे, प्लस-मायनस बघून, त्याच्या अंगावर मायनसच्या बाजूला पट्टा असतो. उलटा लावला तर फुटतो, डोळे जवळ नेऊन बघत असताना फुटला तर फार वाईट, तेव्हा पहिल्यांदा सप्लाय देताना चेहरा लांब ठेवा, घरात चष्मा असेल तर घाला.

पीसीबीवर घ्यायच्या आधी हे ब्रेडबोर्डवर, म्हणजे सोल्डर न करता सामान खोचायच्या बोर्डवर, लावून बघा, पण पट्टी न लावता. ब्रेडबोर्डच्या क्लिपा एखाद ॲम्पिअरच्या वर घ्यायला केलेल्या नसतात, वितळतात. मॉस्फेट आणि पट्टीच्या जागी पाय ३ वरून १ के आणि एक साधा एलईडी मायनसला लावा. आणि माझ्या भाचीला मी दाखवलेला एक प्रयोग जरूर करा: टायमिंगच्या १०३ च्या जागी तात्पुरता १० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक लावा, प्लस २-६ कडे. कपॅसिटर हजार पट मोठा झाला म्हणजे सगळं हजार पट हळू, सेकंदाला एकदा. आता नॉब फिरवा, एलईडी कधी चटकन लुकलुकून बराच वेळ बंद राहतो, कधी बराच वेळ लागून क्षणभर विझतो. पीडब्ल्यूएम म्हणजे काय ते समजवायला याच्यापुढे काही नाही, तिला पाच मिनिटांत कळलं. मग परत १०३ लावा आणि तोच एलईडी मंद-प्रखर होताना बघा.

एलईडी काहीच करत नसेल तर मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून मायनसपासून मोजा. पाय ८ आणि ४ वर १२ आले पाहिजेत, पाय ५ वर ८ च्या आसपास, आणि पाय ३ वर नॉब फिरवताना जवळपास शून्यापासून १० च्या पुढेपर्यंत हळूहळू वर-खाली व्हायला हवं. पाय ३ एकाच जागी अडकला असेल तर दहातल्या नऊ वेळा एक डायोड उलटा असतो किंवा २ आणि ६ जोडायचे राहिलेले असतात. नॉब उजवीकडे फिरवल्यावर उजेड कमी होत असेल तर पॉटच्या दोन टोकांच्या वायरी अदलाबदल करा, बाकी कशाला हात लावू नका.

आता पॉट, कारण आजीचा सगळा प्रश्न खरं तर इथेच सुटला. मी आधी साधा लिनिअर पॉट लावला होता, त्यावर बी१०० के असं लिहिलेलं असतं. उजेड दीड टक्क्यापर्यंत जात होता, पण नॉब शून्यातून जरा पुढे सरकला की डोळ्याला एकदम भरपूर, आणि अर्ध्यापासून पुढे फिरवत बसा, काही फरकच वाटत नाही. यात पॉटची चूक नाही, आपला डोळा तसा आहे. पूर्ण उजेडाच्या साधारण १८ टक्के उजेड आपल्याला 'अर्धा' वाटतो, फोटोग्राफर जे राखाडी कार्ड वापरतात ते १८ टक्क्यांचं असतं ते याच कारणाने. म्हणजे लिनिअर पॉटवर डोळ्याचा अर्धा रस्ता नॉबच्या पहिल्या पाचव्या हिश्श्यातच संपतो आणि आजीच्या थरथरत्या हाताला तिथे नेमकं थांबवता येत नाही.

उपाय म्हणजे लॉग पॉट, ए१०० के लिहिलेला. ॲम्प्लिफायरच्या व्हॉल्यूमला हाच लागतो, कारण कानाचं पण असंच आहे, म्हणून दुकानात ऑडिओवाला पॉट म्हणालात तरी कळतं. याच्यात नॉब अर्धा फिरला तरी डाव्या बाजूचा रेझिस्टन्स दहा-वीस टक्केच झालेला असतो. म्हणजे नॉब मध्यावर तेव्हा उजेड दहा-वीस टक्के, डोळ्याला बरोबर अर्धा! आणि खालचा सगळा मंद पट्टा नॉबच्या पहिल्या अर्ध्यात पसरतो. मी हा बदलला त्या संध्याकाळी आजीने स्वतः नॉब फिरवला आणि तिला हवा तिथे थांबवला, मला हाक मारली नाही. तुमच्या घरी वाचायच्या किंवा किचनच्या ओट्यावरच्या लाइटसाठी करत असाल तर लिनिअर चालेल, पण देवघर, झोपायची खोली, लहान बाळाची खोली, इथे लॉगच घ्या. लॉग पॉटला डावं-उजवं उलटं झालं तर चाल उलट होते, त्यामुळे वर सांगितलेली दिशा नीट पाळा.

सोल्डरिंगबद्दल थोडंच सांगतो. २५ वॅटचा आयर्न आणि ६०-४० चं बारीक सोल्डर पुरेसं आहे, आधी पाय आणि पॅड दोन्ही तापवा आणि मग सोल्डर त्यांना लावा, आयर्नच्या टोकाला लावून वर फासू नका. आयसी थेट सोल्डर न करता सॉकेट लावा. पट्टीचा मोठा करंट जिथून जातो, म्हणजे मायनस ते सोर्स आणि ड्रेन ते कनेक्टर, तिथे झिरो पीसीबीच्या बारीक रेषांवर भरवसा ठेवू नका, वरून जाड तांब्याची तार टाकून भरपूर सोल्डर मारा. आणि आयसीचा मायनस त्या जाड तारेला एकाच ठिकाणी जोडा, ४७० च्या कपॅसिटरपाशी, नाहीतर पट्टीच्या करंटचे झटके आयसीपर्यंत पोचतात आणि मंद उजेडात पट्टी लवलवते. माझ्या पहिल्या बोर्डवर नेमकं हेच होत होतं आणि मी दोन आठवडे डायोड बदलत बसलो होतो.

करंटचा हिशोब आधी करा. ५०५० ची मीटरमागे ६० एलईडीवाली पट्टी मीटरला १४.४ वॅट म्हणजे १.२ ॲम्पिअर घेते, ३५२८ ची तेवढ्याच एलईडीची पट्टी ४.८ वॅट म्हणजे ०.४ ॲम्पिअर. आमच्या देवघराला एक मीटर ५०५० आहे, त्याला २ ॲम्पिअरचा ॲडॅप्टर आणि २ ॲम्पिअरचाच फ्यूज. पूर्ण पाच मीटरचं ५०५० चं रीळ लावणार असाल तर ६ ॲम्पिअर होतात, तिथे ८ ॲम्पिअरचं एसएमपीएस आणि तेवढाच फ्यूज घ्या, वायर जाड, आणि पट्टीला दोन्ही टोकांकडून सप्लाय द्या, नाहीतर शेवटचा मीटर पिवळट आणि मंद दिसतो. ॲडॅप्टर लिहिलेल्या आकड्याच्या काठावर चालवू नका, वीस टक्के तरी हातात ठेवा. आणि फ्यूज लावाच, मखराच्या मागे कापड, पुठ्ठा, कागदी फुलं असतात. महाराष्ट्रात २०१८ मध्ये थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली तेव्हापासून आमचं मखर पुठ्ठ्याचंच असतं, शॉर्ट झालं तर पुठ्ठ्याने पेटायच्या आधी काचेच्या फ्यूजने उडालेलं बरं.

मॉस्फेट किती तापेल? या मॉस्फेटचा चालू असतानाचा रेझिस्टन्स १७.५ मिलिओहम आहे. ३ ॲम्पिअरला ०.१६ वॅट, हाताला कळणारही नाही. ६ ॲम्पिअरला ०.६३ वॅट, बोट ठेवलं तर चांगला गरम लागतो, तिथे छोटा हीटसिंक लावा. पण लक्षात ठेवा, मॉस्फेटची मागची पत्र्याची पाठ म्हणजे ड्रेन आहे, ती किंवा हीटसिंक दुसऱ्या कशाला, खास करून पत्र्याच्या डबीला, टेकता कामा नये. म्हणूनच डबी प्लॅस्टिकची सांगितली. थोड्याच करंटला मॉस्फेट भाजण्याइतका तापत असेल तर तो पूर्ण उघडत नाहीये. गेटला १० च्या आसपास व्होल्ट मिळतायत का बघा, नॉब पूर्ण वर ठेवून.

गणपतीतली एक गोष्ट. आरतीचा व्हिडिओ काढला तर मखरावर आडवे काळे पट्टे सरकताना दिसले. डोळ्याला काही दिसत नव्हतं, मोबाइलचा कॅमेरा ओळी-ओळीने चित्र घेतो म्हणून त्याला दिसतात. टायमिंगचा १०३ काढून २२२ म्हणजे २.२ नॅनोफॅरडचा लावला की फ्रीक्वेन्सी साडेचार हजाराच्या पुढे जाते आणि पट्टे बरेच कमी होतात. एलईडीच्या फ्लिकरसाठी आयईईई १७८९ हे २०१५ चं मार्गदर्शक आहे, त्यात पूर्ण चालू-बंद होणाऱ्या उजेडाला ३००० हर्ट्झच्या वर काही परिणाम नाही असं धरलंय, त्यामुळे वाचायच्या टेबलावर लावणार असाल तर पहिल्यापासूनच २२२ लावा. याच्याही पुढे, १०२ लावून दहा हजारावर न्यायच्या नादी लागू नका, कारण तिथे खालच्या टोकाला चालू राहायचा वेळ एका मायक्रोसेकंदाच्या आसपास येतो आणि मॉस्फेटला उघडायलाच तेवढा वेळ लागतो, समईचा उजेड हातचा जातो.

आजीचा रेडिओ देवघराच्या शेजारीच असतो. ती आकाशवाणी पुणे लावते, मीडियम वेव्हवर ७९२ किलोहर्ट्झ, आणि डिमर चालू केला की त्यात घर्रर्र यायचं. चालू-बंद होताना कडा फार तीव्र असतात आणि पट्टीची लांब वायर अँटेना होते. गेटचा १०० ओहम काढून ४७० ओहम लावला, डिमर ते पट्टी दोन्ही वायरी एकमेकांना पिळून नेल्या, आणि रेडिओ हातभर लांब सरकवला, आता बातम्या स्वच्छ ऐकू येतात. ४७० ओहमने मॉस्फेट थोडा सावकाश उघडतो पण हजार हर्ट्झवर एक-दोन ॲम्पिअरला काही होत नाही. ॲडॅप्टरमधूनच बारीक किंऽऽ असा आवाज येत असेल तर तो पीडब्ल्यूएमच्या झटक्यांनी येतो, ४७० मायक्रोफॅरडच्या जोडीला आणखी एक तसाच लावा, बहुतेक वेळा बसतो.

ज्यांच्याकडे २४ व्होल्टची पट्टी आहे त्यांनी ५५५ ला २४ व्होल्ट देऊ नये, जळेल. आयसीपुरते ७८१२ रेग्युलेटरने १२ व्होल्ट करा, पट्टीला मात्र थेट २४ द्या, मायनस दोघांचा एकच. आणि टीव्हीच्या मागे लावतात ती यूएसबीची ५ व्होल्टची पट्टी असेल तर आयआरएफझेड४४एन पूर्ण उघडणार नाही, त्याच्या जागी आयआरएलझेड४४एन घ्या आणि आयसीपण साधी न घेता सीमॉसवाली ७५५५ घ्या, साधी ५५५ पाच व्होल्टवर गेटला साडेतीनच्या आसपासच देते.

शेवटी डबी आणि स्विच. जुन्या रेडिओसारखा स्विच असलेला पॉट मिळतो, पार खाली फिरवला की टक होऊन बंद होतो, तो लॉगमध्ये मिळाला तर तोच घ्या. त्या स्विचमधून पट्टीचा करंट न्यायची गरज नाही. फक्त आयसीच्या पाय ८ आणि ४ ला जाणारा प्लस त्यातून न्या. आयसी बंद झाली की तो १० के गेटला खाली धरून ठेवतो, मॉस्फेट बंद, पट्टी बंद, आणि स्विचमधून जेमतेम दहा मिलिॲम्पिअर जातात त्यामुळे तो वर्षानुवर्षं टिकतो. पट्टीचा प्लस तसाच लागलेला राहतो म्हणून रात्री ॲडॅप्टरचं बटण भिंतीवरून बंद करायची सवय ठेवा, आणि पट्टीत काही सोल्डर करायचं असेल तेव्हा तर नक्कीच.

डबी देवघराच्या लाकडाला दोन स्क्रूने बसवा, पण कापूर-उदबत्तीची धग लागणार नाही आणि तेल गळणार नाही अशा बाजूला. आमची आधी वरच्या कडेला होती, आजीला त्यासाठी उठावं लागायचं, मग खाली पाटावर बसल्या बसल्या तिचा उजवा हात पोचेल तिथे आणली. नॉब मोठा आणि खाचांचा घेतलाय, आणि तिच्या नेहमीच्या उजेडाच्या जागी डबीवर फेविकॉलचा एक थेंब वाळवून त्याचा उंचवटा केलाय, नॉबची खूण अंधारात बोटाने चाचपून त्या उंचवट्यासमोर आणायची, बस.